पोर झोपल्यावरची वीस मिनिटं

रात्री साडेनऊच्या सुमारास धाकटी माझ्या उजव्या दंडावर डोकं ठेवून झोपते. दंड काढून घेतला तर जागी होते, दिवा लावला तरी जागी होते. मुलं होण्याआधी मी आठवड्याला एक पुस्तक संपवत असे. वाचनाचा कंटाळा आला म्हणून ते थांबलं असं काही नाही. जाड कादंबरी डाव्या हातात धरून त्याच हातानं पान उलटता येत नाही आणि अंधारात अक्षर दिसत नाही, एवढंच कारण होतं. मग त्या मोकळ्या हातात मोबाइल यायचा आणि वीस मिनिटांचा तास व्हायचा. काय पाहिलं, ते सकाळी सांगता आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी घरात ई-बुक रीडर आला आणि ती वीस मिनिटं मला परत मिळाली. माझ्या वेगानं वीस मिनिटांत दहा-बारा पानं होतात, महिन्याला तीनशेच्या वर. म्हणजे महिन्याला एक भरदार पुस्तक. तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी, रत्नागिरीत मारुती मंदिरच्या भाजीबाजारात, कुणी ना कुणी आई किंवा बाबा विचारतात, 'कोणता घेऊ?' मी आधी त्यांनाच विचारते, तुम्ही वाचणार केव्हा आणि वाचणार काय? ही दोन उत्तरं मिळाली की यंत्र निवडायला पाच मिनिटं पुरतात. ती नसतील तर कितीही माहिती गोळा करा, वस्तू कपाटात जाते.

मुळात हा रीडर म्हणजे छोटा टॅबलेट, असा समज आधी मनातून काढायला हवा. रत्नागिरीकराला त्याचं गुपित सांगणं सोपं आहे. भगवती किल्ल्याच्या एका अंगाला आपला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. पाणी एकच, रंग वाळूचा. रीडरच्या पडद्याखालीही असंच असतं. केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या, प्रत्येकीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे-काळे कण. पांढऱ्या कणांवर धन विद्युतभार, काळ्यांवर ऋण. खालून विजेचा हलका धक्का मिळाला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. जिथे काळे कण वर आले तिथे अक्षर उमटतं, बाकीचा कागद पांढरा राहतो. एकदा कण जागी बसले की ते तिथेच थांबतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान बदलताना. म्हणून रोज अर्धा तास वाचणाऱ्याचा रीडर एका चार्जिंगवर कित्येक आठवडे चालतो.

यातले पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात, घराच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. तो ज्यापासून बनवतात त्यातलं एक मुख्य खनिज म्हणजे इल्मेनाइट, आणि ते आपल्या काळबादेवी, मिऱ्या, नेवरे, पूर्णगड या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत आहे. मोठ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशी खिशातून मूठभर काळी वाळू आणून रीडरच्या शेजारी ठेवली. काळ्यातून पांढरं कसं निघतं, हा त्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये जन्मलं आणि १९९७ मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली. अशा पडद्याचा पहिला रीडर सोनीनं २००४ मध्ये जपानमध्ये विकायला आणला, नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचं किंडल आलं. आपल्यासाठी महत्त्वाची तारीख मात्र आणखी पुढची आहे. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमच्या बरोबरीनं. त्याआधी हे यंत्र घेणारा मराठी माणूस प्रामुख्यानं इंग्रजी वाचणारा होता.

आता 'केव्हा वाचणार' याचं उत्तर. लहान मुलांच्या आईबापांचं वाचन बहुतेक अंधारात होतं, तेव्हा पडद्याला स्वतःचा दिवा हवाच. मोबाइलचा उजेड पडद्यातूनच निघतो आणि थेट डोळ्यांत येतो. रीडरचा दिवा कडेला असतो, त्याचा उजेड पडद्यावर पसरतो आणि कागदावरून यावा तसा परतून डोळ्यांत येतो. तो इतका मंद करता येतो की शेजारच्याची झोप मोडत नाही. काही मॉडेलांत उजेड पिवळसर करायची सोय असते. मला ती आवडते, पण तिच्यासाठी फार जादा पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे. झोपेबद्दल २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासाचा फार उल्लेख होतो. झोपण्यापूर्वी काही तास उजळ टॅबलेटवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा मिनिटं उशिरा झोप लागली, असं त्यात दिसलं. अभ्यासात अवघे १२ जण होते आणि यंत्र आयपॅड होतं, तोही पूर्ण उजेडावर. त्यावरून मंद दिव्याच्या रीडरला दोष देता येणार नाही. तरी दिवा कमीत कमी ठेवून वाचावं हे बरं.

वजनाचं महत्त्व दुकानात कळत नाही, आडवं पडल्यावर कळतं. सहा इंची रीडर दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा असतो. एका हातात मावतो आणि अंगठ्यानं पान उलटतं. दहा इंची पडदा छान दिसतो, पण वाचता वाचता डुलकी लागली की तोंडावर आपटतो.

दिवसा वाचणाऱ्यांचा हिशेब निराळा. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कामासाठी महिन्यातून दोनदा रेल्वेनं मुंबईला जातात. भोके ओलांडलं की साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, पुढेही बोगद्यांमागून बोगदे, मोबाइलची रेंज येते नि जाते. उतरवून घेतलेल्या पुस्तकाला रेंज लागत नाही. भर दुपारी खिडकीशी ऊन आलं की मोबाइलचा पडदा काळाठिक्कर दिसतो, रीडरचा कागदासारखा आणखी स्पष्ट होतो. त्यांना दिव्यापेक्षा हलकेपणा महत्त्वाचा वाटला, आणि ते बरोबरच होतं.

'काय वाचणार' हा प्रश्न अवघड आहे. मराठी वाचकाची फसगत इथेच होते. माझा सल्ला असा की यंत्राला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि येत्या वर्षात खरोखर वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं लिहा. मग एकेक नाव शोधा. किंडलच्या दुकानात किती आहेत, बुकगंगाच्या ऑनलाइन दुकानात किती आहेत, फुकट आणि कायदेशीर कुठे मिळतात, आणि किती फक्त कागदावरच आहेत. माझ्या पहिल्या यादीतली चार पुस्तकं कुठेच ई-बुक म्हणून नव्हती. ती मी रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयातून आणली. १८२८ सालचं हे वाचनालय आपल्या गावात असताना सगळं वाचन एका यंत्रात कोंबायचा अट्टहास कशाला?

दुकानांचा फरक समजून घ्या. किंडल ॲमेझॉनच्या दुकानाला बांधलेलं आहे. बुकगंगाची ई-बुकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात, त्यामुळे ती साध्या किंडलवर येत नाहीत. अँड्रॉइडवर चालणारे ई इंक पडद्याचे रीडरही आहेत, उदाहरणार्थ बूक्स या नावाचे. त्यांवर निरनिराळी ॲप टाकता येतात, पण ते महाग असतात, बॅटरी लवकर उतरते आणि त्यांवर मोबाइलची सगळी प्रलोभनं पुन्हा दारात उभी राहतात. माझ्यासारखीला शेवटचं कारण पुरेसं होतं. यादीतली बहुतेक पुस्तकं बुकगंगावरच निघाली तर मात्र अँड्रॉइडचा विचार जरूर करा.

परदेशातल्या मराठी नातलगांची शिफारस जपून ऐका. माझ्या अमेरिकेतल्या नणंदेनं मला कोबो नावाचा रीडर घ्यायला सांगितलं होतं, कारण तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं ई-बुक घरबसल्या थेट त्या यंत्रावर उसनं मिळतं. तिच्यासाठी तो अगदी योग्य सल्ला होता. आपल्याकडच्या गावोगावच्या वाचनालयांत ती सोय रुजलेली नाही, म्हणून तो मुद्दा आपल्या हिशेबात धरू नये.

दुकानातून घेतलेलं ई-बुक आपल्या मालकीचं किती, हेही आधी माहीत असावं. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. प्रत विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत दिले गेले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण पुस्तक घरातून उचलून नेता येतं हे जगाला तेव्हा कळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात घालण्याची सोयही कंपनीनं बंद केली. म्हणून मी एक नियम पाळते. एकदा वाचून होणारं पुस्तक ई-बुक म्हणून घ्यायचं, आणि मुलांच्या हाती पुढे द्यावंसं वाटेल ते कागदावर.

फुकट आणि कायदेशीर पुस्तकांचा साठा मराठीत पुष्कळ आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचा हक्क खुला होतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे दापोलीजवळच्या पालगडची 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांची झाली. मालगुंडचे केशवसुत तर १९०५ मध्येच गेले. त्यांच्या कवितेचं नाव मिरवणारी तुतारी एक्स्प्रेस आपल्याच स्टेशनवरून रोज जाते आणि त्यांची सगळी कविता कुणालाही मोकळी आहे. मराठी विकिस्रोत, राज्य मराठी विकास संस्था, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, ई साहित्य प्रतिष्ठान या ठिकाणी शेकडो पुस्तकं आहेत.

मात्र त्यातली बरीचशी पीडीएफ आहेत, आणि पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. खऱ्या ई-बुकात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं लागतात. पीडीएफमध्ये पान आहे तसं राहतं. हिशेब करून पाहा. नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान साधारण साडेएकवीस सेंटिमीटर उंच असतं. सहा इंची पडदा उंचीला बारा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. अख्खं पान त्यात बसवलं की अक्षर जवळजवळ निम्मं होतं. समास कापून, यंत्र आडवं धरून थोडं सावरतं, पण मांडीवर मूल असताना ही कसरत होत नाही. ज्यांच्या यादीत असलं जुनं साहित्य जास्त आहे त्यांनी सात इंचांच्या खाली जाऊ नये, आणि संशोधनासाठी वाचत असाल तर दहा इंचीच घ्या.

मराठी अक्षर कसं दिसतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी हौसेनं घेतलेल्या पहिल्या कथासंग्रहात रफार भलत्याच अक्षरावर चढले होते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं सुटी पडली होती, आणि 'दऱ्या'चं वाचन प्रत्येक वेळी अडखळत होतं. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यांचं रूपांतर घाईनं केलं आणि कुणी वाचून पाहिलं नाही की असं होतं. त्यावर साधा उपाय आहे. किंडलचं ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. यादीतल्या पुस्तकांचे नमुने त्यात उतरवून घ्या, प्रत्येकाची पहिली काही पानं विनामूल्य वाचता येतात. चार गोष्टी तपासा: 'वाऱ्यावर', 'ऱ्हस्व' असले शब्द नीट उमटतात का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, अक्षर मोठं करता येतं का, आणि अनुक्रमणिकेवरून प्रकरणावर जाता येतं का. अक्षर मोठं होत नसेल तर ते ई-बुकाच्या वेषातलं पीडीएफच समजा. ही परीक्षा यंत्र घेण्याआधी, एक रुपयाही न घालवता होते.

अक्षर मोठं होण्याचं मोल आमच्या घरी सासूबाईंनी दाखवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक छपाई त्यांना जमत नव्हती. एका दुपारी मी रीडरवरचं अक्षर दोन पायऱ्या वाढवून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक पान वाचलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "अगो, हे आणखी मोठं होतं काय?" आणखी दोन पायऱ्या वाढवलं. ओळीत जेमतेम चार शब्द राहिले. त्या दुपारी त्यांनी सलग तास-दीड तास वाचलं. तेव्हापासून दुपारचा रीडर त्यांचा आणि रात्रीचा माझा. घरात वडीलधारं माणूस असेल तर यंत्र निवडताना त्यांना दुकानात बरोबर न्या.

मुलांचं काय, हा प्रश्न पालक शेवटी विचारतात, पण मनात तोच आधी असतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिला रीडर आईबापांनी स्वतःसाठी घ्यावा. लहान मुलांना चित्रांचं, जाड पुठ्ठ्याचं, ओढता-चावता येणारं कागदी पुस्तकच द्यावं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ च्या एका अभ्यासात ३७ पालक-मुलांच्या जोड्यांना एकत्र वाचताना पाहिलं. टॅबलेटवरच्या पुस्तकापेक्षा कागदी पुस्तक वाचताना आईबाप आणि मूल एकमेकांशी जास्त बोलत होते. बोलणं हाच तर त्या वयातल्या वाचनाचा गाभा. रंगीत ई इंक पडदेही आता आले आहेत, पण त्यांचा रंग धुतलेल्या कापडासारखा फिका असतो, आणि रंगीत चित्राची सुबकता त्याच पडद्यावरच्या काळ्या अक्षराच्या निम्मी, इंचाला ३०० ऐवजी १५० ठिपके. बालभारतीची पाठ्यपुस्तकं फुकट पीडीएफमध्ये मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी रीडर घ्यावा असं काहींना वाटतं. मोठं पान आणि भरपूर रंग यांमुळे ती सहा इंचांत वाचवत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी मात्र जरूर उतरवून घ्या, आणि त्या संगणकावर दाखवा किंवा छापून हातात द्या.

दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलाची गोष्ट वेगळी. इंग्रजी वाचताना अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ तिथेच उघडतो, कोश आणायला उठावं लागत नाही. आमचा मोठा आता शनिवारी असंच वाचतो. फक्त खरेदीला कुलूप घाला, नाहीतर एका बोटाच्या चुकीनं पुस्तक विकत घेतलं जातं.

आता कोकणातल्या हवेचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, बांधणी सुटते, कसर लागते. ई-बुकाला यातलं काही होत नाही. यंत्राला मात्र पाणी बाधतं. पाण्याला दाद न देणारे रीडर थोडे महाग असतात, पण इथल्या माणसानं तेवढे पैसे घालावेत. स्कूटरच्या डिकीत, शाळेबाहेर छत्रीखाली, मुलाच्या दूध सांडण्याच्या टप्प्यात, सगळीकडे ते वसूल होतात. तरी ओला झालेला रीडर पुरता सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून जपा. विजेचा प्रश्नही आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखावी लागते, आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या रीडरवर मुलांना गोष्ट वाचून दाखवता येते.

पाण्यापेक्षा घातक आहे तो गुडघा. आमचा पहिला रीडर धाकटीच्या गुडघ्याखाली गेला. वरून ओरखडाही नव्हता, पण आतल्या पातळ काचेला तडा गेला होता आणि अर्ध्या पानावर काळ्या रेघा कायमच्या उमटल्या. पडदा बदलायचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जाणारा निघाला. तेव्हापासून कडक पाठीचं कव्हर यंत्राबरोबरच घ्यायचं, आणि बिछान्यावर ठेवायचा नाही, उशाजवळच्या फळीवर ठेवायचा, हे पक्कं केलं. विकत घेताना दुरुस्ती कुठे होते आणि यंत्र पाठवायचं कसं, ते विचारून घ्या. जुना, वापरलेला घेत असाल तर आधी संपूर्ण पांढरं पान उघडून रेघा बघा, आणि चार्जिंगची पिन तुमच्या मोबाइलचीच आहे ना ते पाहा.

पैशाचा हिशेब असा मांडा. समजा यंत्र आणि कव्हर मिळून बारा हजार, आणि मराठी पुस्तक सरासरी तीनशेचं. म्हणजे तुम्ही चाळीस पुस्तकांचे पैसे आधीच देता आहात. वर्षाला पाच पुस्तकं वाचणाऱ्यानं ते पैसे वाचनालयाच्या वर्गणीला आणि कागदी पुस्तकांना द्यावेत, मी मनापासून सांगते. आणि वीस मिनिटं रोज मिळत असतील तर रीडर जरूर घ्या, पण साठवणुकीच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. साध्या मजकुराचं पुस्तक एक-दोन एमबीचं असतं, सगळ्यात कमी साठवणीचं यंत्रही आयुष्यभर पुरतं. मला स्वतःला आज पुन्हा घ्यायचा असता तर पाण्याला दाद न देणारा, सात इंचांच्या आसपासचा, दिव्याचा आणि मोबाइलच्याच पिनेचा घेतला असता.

शेवटी मराठी प्रकाशकांना एक विनंती. तुमची जुनी-नवी पुस्तकं युनिकोडमध्ये, अक्षर मोठं करता येईल अशा ई-बुकात आणा, आणि विक्रीला लावण्याआधी घरातल्या कुणाकडून तरी रीडरवर एकदा पूर्ण वाचून घ्या. पीडीएफ देऊ नका. माझ्या पहिल्या यादीतली चार पुस्तकं तीन वर्षांनंतरही ई-बुकात नाहीत, आणि ती विकत घ्यायला मी आजही तयार आहे.